डिशवॉशरची जोडणी : पाणी यायचे कुठून, जायचे कुठे

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे डिशवॉशरच्या जोडणीविषयी आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून, जेथे चुका अधिक होतात तेथे उत्तर सविस्तर दिले आहे. यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका आणि येथील आकडे यांत फरक आढळल्यास पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा.

प्रश्न : आमच्या सिंकखाली थंड पाण्याचा एकच अँगल कॉक आणि सांडपाण्याचा एकच पाईप आहे. डिशवॉशर सिंकच्या शेजारच्या जागेत बसवायचा आहे. भिंत किंवा फरशी न फोडता त्याला पाणी देता येईल का? अँगल कॉक बदलावा लागेल का?

उत्तर : भिंत फोडण्याची गरज बहुधा पडणार नाही. डिशवॉशरला सिंकपेक्षा वेगळे असे काही लागत नाही. स्वच्छ पाण्याचा एक नळ आणि वापरलेले पाणी सोडण्याची एक जागा या दोन्ही गोष्टी सिंकखाली हाताच्या अंतरावर असतात, त्यामुळे यंत्रासाठी सिंकशेजारची जागा निवडली हे आपण उत्तमच केलेत.

पहिला अडथळा येतो तो आट्यांचा. सिंकखालचा अँगल कॉक सहसा अर्ध्या इंची आट्यांचा असतो, तर डिशवॉशरच्या पाणी घेणाऱ्या नळीचा नट बहुतेक वेळा पाऊण इंची असतो. शिवाय त्या कॉकमधून सिंकच्या नळाला पाणी जात असल्याने तो मोकळाही नसतो. त्याच्या जागी दोन तोंडांचा अँगल कॉक बसवला, की दोन्ही अडचणी सुटतात. त्याचे एक तोंड सिंकच्या नळासाठी अर्धा इंची आणि दुसरे डिशवॉशरसाठी पाऊण इंची असावे. दोन्ही तोंडे अर्ध्या इंचाची असतील, तर मध्ये अर्धा ते पाऊण इंचाचा पितळी जोड घालावा. कॉक निवडताना दोन्ही तोंडांना स्वतंत्र मूठ आहे ना, हे मात्र आवर्जून पाहावे. एकच मूठ असलेला कॉक घेतला, तर डिशवॉशर दुरुस्तीला काढल्यावर सिंकचाही नळ बंद ठेवावा लागतो. साधा टी जोड लावूनही काम भागते, पण मग त्याच्या पुढे यंत्रासाठी एक वेगळा कॉक हवाच.

टेफ्लॉन टेप कुठे लावायची आणि कुठे नाही, यात पुष्कळ घोटाळा होतो. अँगल कॉक भिंतीतल्या पाईपमध्ये फिरवून बसवताना पाणी अडवण्याचे काम आटेच करतात, म्हणून तेथे टेप हवी. डिशवॉशरच्या नळीच्या नटमध्ये मात्र रबरी वायसर असतो आणि पाणी तोच अडवतो, म्हणून तेथे टेप गुंडाळू नये. टेपचा थर जाड झाला, तर नट पूर्ण आत जात नाही, वायसर नीट दाबला जात नाही आणि हाताने घट्ट वाटणारा जोड दोन दिवसांनी ठिबकू लागतो. नट हाताने आवळावा आणि मग पान्याने जेमतेम पाव फेरा द्यावा. त्याहून अधिक जोर लावल्यास वायसर चिरतो.

नळी लावण्यापूर्वी कॉकखाली बादली धरून पाणी अर्धा मिनिट जोरात सोडावे. काम करताना पाईपमध्ये पडलेला गंज, आट्यांचे कण आणि टेपचे तुकडे बाहेर येतात. ते बादलीत पडले नाहीत, तर यंत्राच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत जाऊन बसतात आणि नवे यंत्र पहिल्याच आठवड्यात पाणी मिळत नसल्याची तक्रार करू लागते. जुन्या यंत्राची नळी वाचली म्हणून ती नव्या यंत्राला लावण्याचा मोह टाळावा. सतत दाबाखाली राहिलेले रबर आतून कडक झालेले असते आणि ते वरून दिसत नाही.

प्रश्न : डिशवॉशरचे सांडपाणी सिंकच्या पाईपमध्ये सोडायचे आहे. ट्रॅपच्या खालच्या पाईपला भोक पाडून त्यात नळी घुसवू, असे प्लंबर म्हणतात. हे योग्य आहे का?

उत्तर : मुळीच नाही, आणि पाणी घालवण्याची बाजू हाच या जोडणीतला खरा कठीण भाग आहे. पाणी आणणारी नळी चुकली तर ती गळते आणि चूक लगेच दिसते. पाणी घालवणारी नळी चुकली, तर यंत्र कित्येक आठवडे चालल्यासारखे वाटते. मग भांड्यांना वास येतो, तळाशी पाणी साचते, आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो.

सिंकखालच्या ट्रॅपमध्ये साधारण ५० ते ७५ मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साठून राहते. गटारातला वायू आणि किडे घरात येऊ नयेत म्हणून हे पाण्याचे बूच असते. ट्रॅपच्या खाली भोक पाडून नळी जोडली, की ते बूच बाजूला पडते आणि गटाराची हवा नळीवाटे थेट यंत्राच्या तोंडाशी पोचते. म्हणून नळी नेहमी ट्रॅपच्या आधी, म्हणजे सिंक आणि ट्रॅपचे पाणी यांच्या मध्ये जोडावी. त्यासाठी बाजूला आडवे नोझल असलेला बॉटल ट्रॅप किंवा तसेच नोझल असलेला वेस्ट पाईपचा तुकडा मिळतो. जुना ट्रॅप काढून तो बसवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. खाली बादली ठेवावी, कारण काढताना जुन्या ट्रॅपमधले काळे पाणी बाहेर येणारच. नोझलवर नळी चढवून धातूची क्लिप आवळावी. नुसती दाबून बसवलेली नळी गरम पाण्याने मऊ होते आणि पंपाच्या झटक्याने निसटते.

एक गोष्ट मी स्वतः चुकलो आहे, म्हणून सांगतो. नवा ट्रॅप बसवला, नळी चढवली, क्लिप आवळली, यंत्र सुरू केले आणि पंप घुमू लागला, पण पाणी काही जाईना. तासभर यंत्राची गाळणी, पंप, नळीतली घडी असे सारे तपासून झाल्यावर नळी काढून नोझलमध्ये करंगळी घातली, तेव्हा बोट प्लास्टिकच्या पडद्याला टेकले. डिशवॉशर नसलेल्या घरातही तोच ट्रॅप वापरता यावा म्हणून कारखान्यातून नोझल आतून बंद करून पाठवतात. तो पडदा कापून, त्याचा तुकडा आत न पडू देता बाहेर काढायचा आणि कडा कानशीने गुळगुळीत करायच्या असतात. काही ट्रॅपमध्ये पडद्याऐवजी नटखाली एक चकती असते, तीही काढावी लागते. सिंकखाली अन्नकचरा दळणारे यंत्र असेल, तर त्याच्या बाजूच्या नोझललाही असेच बूच असते.

आता नळीच्या वळणाविषयी. यंत्रातून निघालेली नळी सरळ नोझलकडे न नेता आधी ओट्याच्या खालच्या पृष्ठभागापर्यंत उचलावी, तेथे पट्टीने पक्की करावी आणि मग खाली नोझलकडे आणावी. असे केले नाही, तर सिंक तुंबल्यावर त्यातले घाण पाणी उताराने यंत्रात शिरते. धुतलेल्या भांड्यांखाली खरकटे पाणी साचलेले दिसले, तर पहिला संशय या वळणावर घ्यावा. काही ठिकाणच्या नियमांनुसार एवढे पुरत नाही. तेथे सिंकच्या काठावर हवेची उघडी फट ठेवणारा वेगळा जोड सक्तीचा असतो.

प्रश्न : आमच्या यंत्राची निचऱ्याची नळी जमिनीवरून नेऊन मोरीच्या जाळीत घातली आहे आणि वास येऊ नये म्हणून भोवतालची फट पुट्टीने बंद केली आहे. यंत्र पाणी भरत राहते, भरतानाच बाहेर जाण्याचा आवाज येतो आणि शेवटी पाणी नसल्याची सूचना देऊन ते थांबते. पाण्याचा दाब चांगला आहे. दोष कशात असावा?

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनातच उत्तर आहे. पिंपातले पाणी रबरी नळीने काढताना एकदा तोंडाने ओढले, की पुढे ते आपोआप वाहत राहते. तोच प्रकार येथे घडत आहे. पंपाने नळी पाण्याने भरली, तिचे टोक यंत्रातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे आणि पुट्टीमुळे टोकाशी हवा शिरायला जागा नाही. त्यामुळे पंप थांबल्यावरही पाणी ओढले जाते. यंत्र ३-४ लिटर पाणी मोजून घेते, तेवढे तळाशी न आढळल्याने पुन्हा घेते, आणि अखेरीस हार मानते.

येथे दोन गोष्टींची गल्लत पुष्कळ जण करतात, अगदी सराईत कारागीरसुद्धा. नळी वर उचलून वळवल्याने बाहेरचे पाणी यंत्रात येत नाही. यंत्रातले पाणी बाहेर ओढले जाऊ नये यासाठी मात्र नळीच्या टोकाची उंची आणि टोकाभोवतीची मोकळी हवा महत्त्वाची असते. नळी कमान करून वर नेली, पण टोक पुन्हा जमिनीलगत आणून हवाबंद केले, तर पाणी त्या कमानीवरूनही ओढले जाऊ शकते.

उपाय असा : पुट्टी काढून टाकावी आणि सुमारे ४० मिलिमीटर व्यासाचा उभा पाईप बसवावा. त्याचे वरचे तोंड जमिनीपासून किमान ४० सेंटिमीटर उंच असावे. वरची मर्यादा यंत्रागणिक ८० ते ११० सेंटिमीटरच्या दरम्यान असते, कारण छोट्या पंपाला त्याहून उंच पाणी चढवणे जमत नाही. या उभ्या पाईपच्या बुडाशी ट्रॅप हवा. मोरीच्या जाळीखाली चालू स्थितीतला ट्रॅप असेल आणि उभा पाईप त्याच्या आधी सोडला असेल, तर दुसरा बसवू नये. एकामागोमाग दोन ट्रॅप आले, की मधली हवा कोंडते आणि पाणी अडखळत जाते. नळी पाईपमध्ये १० ते १५ सेंटिमीटरच आत सोडावी, हलू नये म्हणून बांधावी, पण भोवतालची फट उघडी ठेवावी. वास अडवणे हे ट्रॅपमधल्या पाण्याचे काम आहे, पुट्टीचे नव्हे. मोरीतून वास येत असेल, तर तो ट्रॅप कोरडा पडला आहे किंवा फुटला आहे, आणि तो निराळा दुरुस्त करायला हवा.

जाताजाता : हे पाणी पावसाच्या पाण्याच्या पाईपमध्ये कधीही सोडू नये. डिशवॉशरची पावडर आणि तेलकटपणा सांडपाण्याच्या वाटेनेच गेला पाहिजे.

प्रश्न : आमचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर आहे आणि गच्चीवरची टाकी नळापासून जेमतेम ३ मीटर उंच आहे. एवढ्या दाबावर डिशवॉशर चालेल का? नाही तर पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रातून जोड देता येईल का?

उत्तर : उभ्या १० मीटर पाण्याचा दाब साधारण १ बार भरतो, म्हणजे ३ मीटरला ०.३ बार. पुष्कळ डिशवॉशरना किमान ०.५ बार लागतो. काही ०.३ बारवरही चालतात, पण आपण अगदी काठावर आहात. शिवाय हा हिशेब पाणी स्थिर असतानाचा आहे. वाहू लागल्यावर लांब पाईप, कोपरे आणि अर्धवट बुजलेले कॉक यांत दाब आणखी घटतो.

म्हणून दाबमापकापेक्षा बादलीची परीक्षा मला अधिक उपयोगी वाटते. यंत्र ज्या कॉकला जोडायचे तो पूर्ण उघडून १० लिटरची बादली किती वेळात भरते, ते घड्याळ लावून पाहावे. एका मिनिटाच्या आसपास भरली, तर बहुतेक यंत्रांना तेवढा प्रवाह पुरतो. दोन-तीन मिनिटे लागत असतील, तर आधी कॉक आणि पाईप साफ करून पाहावेत. मगच छोटा दाबवर्धक पंप बसवावा. पंप बसवल्यास दाब यंत्राच्या वरच्या मर्यादेत, म्हणजे बहुधा १० बारच्या आत राहील हे पाहावे. घरगुती पंपांचा दाब सहसा त्याच्या बराच खाली असतो.

शुद्धीकरण यंत्राचा जोड मात्र उपयोगाचा नाही. त्याची नळी पाव इंची असते आणि पाणी थेंबाथेंबाने तयार होते. पाणी जड असल्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतील ही काळजी असेल, तर त्यासाठी बहुतेक डिशवॉशरमध्ये मिठावर चालणारी पाणी मृदू करण्याची सोय असते. पाण्याच्या जडपणानुसार ती नीट लावली, की काम होते.

प्रश्न : गीझरच्या किंवा सौर बंबाच्या गरम पाण्याला डिशवॉशर जोडला, तर वीज वाचेल ना?

उत्तर : वाटते तेवढी वाचत नाही. पहिले कारण पाईपचे. डिशवॉशर एका वेळी ३-४ लिटरच पाणी घेतो. गरम पाण्याचा स्रोत दूर असेल, तर तेवढ्यात पाईपमध्ये निवून पडलेले पाणीच यंत्रात येते आणि मागून आलेले गरम पाणी पाईपमध्ये राहून पुन्हा निवते. दुसरे कारण धुण्याच्या क्रमाचे. पहिली खळबळणी थंड पाण्याने होणे बरे, कारण गरम पाण्याचा एकदम मारा झाला की पिठूळ अन्न आणि अंड्याचा बलक भांड्याला चिकटून बसतात. काही यंत्रांत भांडी वाळवताना वाफ धरण्यासाठीही थंड पाण्याचा उपयोग केलेला असतो.

तरीही स्रोत जवळ असेल आणि पुस्तिकेत परवानगी असेल, तर जोडण्यास हरकत नाही. वरची मर्यादा बहुधा ६० अंश सेल्सिअस असते. भर दुपारी सौर बंबाचे पाणी ती सहज ओलांडते, त्यामुळे तेथे तापमान मिसळून नेमके ठेवणारी झडप बसवल्याशिवाय जोड देऊ नये. अमेरिकेतली यंत्रे गरम पाण्याच्या जोडणीसाठीच बनवलेली असतात, आणि त्याला जुना इतिहास आहे. जोसेफिन कॉक्रन यांना १८८६ साली आपल्या डिशवॉशरचे पेटंट मिळाले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र गाजले, तरी गिऱ्हाइके मिळाली ती मुख्यतः हॉटेलांची. बहुसंख्य घरांत यंत्राला पुरेल एवढे गरम पाणी नव्हतेच. पाणी स्वतः तापवणारी यंत्रे आल्यावर ही अट सुटली.

प्रश्न : सिंकशेजारी जागा नाही. यंत्र सुमारे ३ मीटर दूर, दोन कपाटांपलीकडे ठेवावे लागेल. नळ्या वाढवून चालेल का?

उत्तर : चालेल, पण दोन्ही नळ्यांचा विचार वेगवेगळा करावा. निचऱ्याची नळी सर्व मिळून ४ मीटरपर्यंत नेण्यास अनेक यंत्रांना मुभा असते. वाढीव तुकडा मूळ नळीपेक्षा आतून अरुंद नसावा, आणि आडव्या भागात नळी झोळीसारखी लोंबू देऊ नये, कारण त्या खोलगटात तेलकट गाळ बसतो. पाणी आणणारी नळी जोड देऊन लांबवण्यापेक्षा त्या लांबीची एकसंध नळी घ्यावी. सर्वांत बरे म्हणजे कपाटांच्या मागून पक्का पाईप नेऊन कॉकच यंत्राजवळ, हात पोचेल असा बसवावा. तो कॉक यंत्राच्या पाठीमागे बसवू नये. गळती झाल्यावर पाणी बंद करण्यासाठी आधी यंत्र ओढून काढण्याची पाळी येते.

काही यंत्रांच्या नळीच्या टोकाला प्लास्टिकची पेटी असते. ती गळती झाल्यास पाणी तोडणारी झडप असून अनेकदा तिच्यात विजेच्या तारा असतात. ती नळी कधीही कापू नये आणि पेटी पाण्यात बुडवू नये.

कपाटाच्या पाखांना भोक पाडण्याआधी नळीच्या नटचा व्यास मोजावा, नळीचा नव्हे. नट मोठा असतो आणि भोक लहान पडले, की संध्याकाळी पुन्हा ड्रिल शोधावे लागते. लाकडाच्या कडांनी नळी घासू नये म्हणून भोकात रबरी कडे बसवावे. विजेसाठी यंत्राला अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा आणि तोही शेजारच्या कपाटात असावा, पाण्याच्या जोडाखाली नव्हे. एक्स्टेन्शन वायर वापरू नये.

प्रश्न : यंत्र पाणी घेणे थांबवते, तेव्हा भिंतीतून धप्प असा आवाज येतो. जोडणीत चूक झाली आहे का?

उत्तर : गळती नसेल, तर चूक म्हणता येणार नाही. यंत्रातली विजेची झडप पाणी एका क्षणात तोडते आणि वाहत्या पाण्याचा धक्का पाईपवर बसतो. उघडे पाईप पट्ट्यांनी भिंतीशी घट्ट करावेत आणि कॉक थोडा मिटून पाहावा. तरीही आवाज राहिला, तर धक्का शोषून घेणारा छोटा जोड कॉकपाशी लावता येतो.

प्रश्न : सारी जोडणी पूर्ण झाल्यावर ती बरोबर आहे, याची खात्री कशी करावी?

उत्तर : यंत्र रिकामे ठेवून आधी नुसती खळबळणी आणि मग सर्वांत गरम धुणे असे दोनदा चालवावे. प्रत्येक जोडाखाली कोरड्या टिश्यू पेपरची घडी ठेवावी, कारण बोटाला न जाणवणारा ओलावाही कागदावर डाग उमटवतो. पाणी बाहेर जात असताना सिंकमध्ये पाहावे. तेथे पाणी उसळून वर येत असेल, तर पुढचा पाईप तुंबलेला आहे आणि तो आधी मोकळा करायला हवा. गरम पाण्याने प्लास्टिक फुगते आणि निवल्यावर आकसते, म्हणून पहिल्या दिवशी कोरडा असलेला नोझलचा जोड दुसऱ्या दिवशी पाझरू शकतो. तेव्हा यंत्र लगेच आत ढकलून फळ्या ठोकण्याची घाई करू नये. रात्रभर कागद तसेच राहू द्यावेत आणि सकाळी बॅटरीच्या उजेडात पुन्हा पाहून, गरज पडल्यास निचऱ्याच्या नळीची क्लिप आणखी अर्धा फेरा आवळावी.